दादाचं यकृत आणि माझं

माझा मोठा भाऊ कधी आजारी पडत नसे आणि त्याला त्याचा अभिमान होता. मोर्शीजवळ आमची संत्र्याची बाग आहे, ती तोच पाहतो. मी लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत आले. पावसाळा लागला की माझ्या घरात कोणी ना कोणी तापाने फणफणलेलं असायचं, आणि फोनवर दादा हसायचा. "तुमच्या अकोल्याच्या हवेतच खोट हाये, बाई. मले पाह्य. कधी डोकंसुद्धा दुखलं नाई." आमच्याकडे भाऊ बहिणीला बाई म्हणतात. त्याचं ते बोलणं ऐकून मला बरं वाटायचं. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे तोच उरला होता. तो धडधाकट आहे, एवढं मला पुरे होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वहिनीला पहिल्यांदा संशय आला. दादाच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती ढिली दिसायला लागली होती. ताटात अर्धी भाकर तशीच राहायची. विचारलं की तो म्हणायचा, "ऊन पाहून राहिली ना? एवढ्या उनात कोणाले भूक लागते?" दवाखान्याचं नाव काढलं की उठून बागेत जायचा. शेवटी वहिनीने आपला गुडघा पुढे केला. गुडघा दाखवायला अमरावतीला चला म्हणाली, आणि तिथे डॉक्टरांसमोर बसल्यावर म्हणाली, "माह्या गुडघ्याचं राहू द्या. आधी यायले पाहा."

सोनोग्राफीत दादाच्या यकृतात गाठ दिसली.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीने अमरावतीला पोचले. आता त्याला कर्करोगाच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्या बाई होत्या, माझ्याहून लहान, चष्म्यातून सरळ डोळ्यांत बघून बोलणाऱ्या. त्यांनी दादाला दारूबद्दल विचारलं. दादा नाही म्हणाला. थोड्या वेळाने त्यांनी तेच वेगळ्या शब्दांत विचारलं. दादाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तो ओशाळून खाली बघत राहिला आणि वहिनी भडकली. "मॅडम, आमच्या घरी लग्नातसुद्धा कोणी पेत नाई. लिहून घ्या पाह्यजे तं."

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा कारण कळलं. हेपॅटायटिस बी. यकृताला जडणारा विषाणू. डॉक्टर म्हणाल्या की तो दादाच्या अंगात बहुधा जन्मापासून असणार.

"जन्मापासून?" दादा म्हणाला. "मंग मले कधी दुखलं काहून नाई? कावीळ नाई, ताप नाई. मी तं साऱ्या गावाले सांगत होतो, मले काई होत नाई म्हणून."

 त्यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, हे आम्हाला शाळेपासून माहीत होतं. त्यांतल्या एका जातीला टी-पेशी म्हणतात. शरीरातली जी पेशी विषाणूने बिघडली किंवा कर्करोगाची झाली, तिला ओळखून मारणं हे त्यांचं काम. नेहमीच्या आजारात त्या आठ-पंधरा दिवस जोरात काम करतात, विषाणू संपतो आणि त्याही शांत होतात. आपल्याला ताप येतो, अंग दुखतं, कावीळ होते, ती बरीचशी या मारामारीमुळेच.

"पण समोरचा विषाणू गेलाच नाही तर?" त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं तोच, तिथंच. मग या पेशी थकतात. मरत नाहीत हं. जागेवर असतात, कधीकधी ओळखतातही, पण मारत नाहीत. त्यांच्या अंगावर ब्रेकसारखं काहीतरी तयार होतं आणि तो ब्रेक दाबलेलाच राहतो. तुम्हाला दुखलं नाही, कारण आत नीट भांडण असं झालंच नाही. जे थोडंथोडं होत राहिलं ते तुम्हाला जाणवलं नाही, पण यकृत त्यानं खराब झालं. आणि गाठ तयार झाली तेव्हा तिला अडवायलाही ताज्या दमाचं कोणी उरलं नव्हतं."

दादाने तळहात गुडघ्यांवर घासले. "आराम देल्ला तं ठीक होत नाई का त्या?"

"आराम कुठून मिळेल? समोरचा जात नाही ना."

हा विषाणू बहुतेकदा बाळंतपणात आईकडून बाळाला येतो, असं म्हणून त्यांनी आईबद्दल विचारलं. मी कॉलेजात असताना आई गेली. तिचं पोट पाण्याने फुगलं होतं आणि हातपाय काड्यांसारखे झाले होते. गावोगावी कावीळ उतरवणारे जे असतात, त्यांच्याकडे तिला नेलं होतं, मग अमरावतीच्या इर्विन या सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती परत आली नाही. तिला नक्की काय झालं होतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी हे सांगत असताना डॉक्टरांची नजर हळूहळू दादावरून माझ्यावर आली. 

"तुम्ही सख्ख्या बहीण ना?" त्या म्हणाल्या. "तुमचंही रक्त तपासा. तुम्हाला मुलं आहेत?"

मला एक मुलगी आहे.

परतीच्या एसटीत बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मला काही दिसलं नाही. मी उजव्या बरगडीखाली हात ठेवून बसले होते. दुखतंय का, हे बघत होते. दुखत नव्हतं, आणि आता न दुखण्याचाच मला धसका बसला होता. शेजारच्या बाईने विचारलं, पोटात कळ येते का? मी नाही म्हटलं. तिने तरीही ओव्याची पुडी काढून दिली.

माझा रिपोर्ट आला. माझ्यातही तो होता.

यजमानांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझंही उद्याच करून टाकू." त्यांना काही निघालं नाही, त्यांना लस दिली. घरात त्यांनी माझा कप वेगळा ठेवला नाही, टॉवेल वेगळा केला नाही. कपाने हा आजार पसरत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मीच वेगळी वागायला लागले. भाजी चिरताना बोट कापलं की सगळं तिथेच टाकून न्हाणीत पळायची, रक्ताचा थेंब कुठे पडला का ते ओट्यावर वाकून शोधायची. रक्त नेहमीसारखंच लाल दिसायचं.

मुलीला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. ती अमरावतीला शिकते, होस्टेलवर राहते. तिच्या जन्माच्या वेळी माझी ही तपासणी झाली होती की नाही, तिला पहिली लस कधी मिळाली, मला काहीच आठवत नव्हतं. मी तिला आठवणीतून पुन्हा पुन्हा जन्माला घालत होते आणि दर वेळी घाबरत होते. आईचा मला राग आला नाही. तिला काही ठाऊकच नव्हतं. पण रात्रंदिवस वाटायचं की आपण तिघी एका दोरीला बांधलेल्या आहोत, दोरीचं एक टोक मातीत गेलं आहे आणि दुसऱ्या टोकाला माझी पोरगी होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालते आहे.

"आई, तू रडून नको राहू," ती फोनवर म्हणाली. "मी उद्या रक्त देऊन येते."

तिच्या रिपोर्टची वाट बघताना मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. स्वयंपाक केला असेल, लोक जेवलेही असतील. तिचा निकाल वेगळाच निघाला. तिच्या अंगात विषाणू नव्हता, पण तो कधीतरी येऊन गेल्याची खूण रक्तात होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला समजावलं की लहानपणी कधीतरी तिला लागण झाली आणि तिच्या पेशींनी ती निपटून काढली. मला आठवलं, शाळेत असताना ती एकदा आठवडाभर पिवळी पडून झोपून होती. मी तेव्हा किती घाबरले होते. देवाला साकडं घातलं होतं, तिचं दुखणं लवकर उतरू दे म्हणून. त्या दुखण्यानेच तिला वाचवलं होतं.

माझ्यासाठी डॉक्टर म्हणाले की तूर्त औषधाची गरज नाही, विषाणू कमी आहे, यकृत चांगलं आहे, पण दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. "आयुष्यभर?" मी विचारलं. "आयुष्यभर," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

इकडे दादाचे उपचार सुरू झाले. गाठ कापून काढण्याजोगी नव्हती. आधी विषाणू दाबून ठेवणारी रोजची गोळी, आणि मग सलाइनमधून द्यायचं एक औषध, टी-पेशींचा ब्रेक सोडवणारं. सोबत आणखी एक औषध होतं, गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं. अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. सगळ्यांना गुण येत नाही, त्या म्हणाल्या. ज्यांना येतो त्यांच्याही साऱ्या पेशी जाग्या होत नाहीत, आणि जाग्या झालेल्या पुन्हा थकू शकतात.

"आणि जाग्या झाल्या तं?" वहिनीने विचारलं.

"तर चांगलंच. पण ब्रेक सगळ्याच टी-पेशींचा सुटतो, फक्त गाठीवरच्यांचा नाही. त्या फुप्फुसावर जाऊ शकतात, आतड्यावर, थायरॉइडवर, यकृतावर. म्हणून काही झालं तरी मला फोन करायचा. साधी हगवण लागली तरी. गावातल्या डॉक्टरकडून गोळ्या आणून थांबायचं नाही."

त्या दिवसापासून वहिनी दादाकडे बघायची ती पहाऱ्यावर बसल्यासारखी. तो खोकला की तिच्या हातातलं काम थांबायचं. तो झाडामागे गेला आणि परत यायला उशीर झाला तर हाक मारायची. मी अकोल्याहून सकाळ-संध्याकाळ फोन करायची आणि दादा वैतागायचा. "मी काय परीक्षेले बसलो काय, बाई? सारे इचारूनच राहिले." गावात वेगळंच चाललं होतं. यकृताचा रोग म्हणजे हा लपून पीत असणार. बांधावर बसून दोघं-तिघं असं बोलत होते ते वहिनीच्या कानावर गेलं. तिने भर दुपारी त्यांना गाठून सुनावलं. दादाला त्याचं फार लागलं. मरणाची गोष्ट तो सहज बोलायचा, पण या एका गोष्टीवर त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पावसाळा गेला. औषधाच्या काही फेऱ्या झाल्या आणि दादाला काहीच झालं नाही. भूक थोडी परतली. आम्हाला वाटायला लागलं की निभावलं.

कार्तिकात आम्ही कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलो. आमच्या घरचा तो दरवर्षीचा नेम. दादाने हट्टच धरला, डॉक्टरांनीही जा म्हटलं, गर्दीत फार वेळ थांबू नका म्हणाल्या. दर्शन झालं. वर्धेच्या काठी वहिनीने गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायला घातले, मी वांगी चिरत होते. दादा नदीकडे तोंड करून दगडावर बसला होता. सकाळपासून तो गप्पच होता, थकलो म्हणत होता. मी त्याला पाणी द्यायला गेले. त्याने वर बघितलं. ऊन सरळ त्याच्या तोंडावर होतं.

त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. हळदीत बोट बुडवून फिरवावं तसा.

"काय झालं?" तो म्हणाला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यालाच दिसलं असणार.  मागे जत्रेतल्या पाळण्यांजवळ कर्णा वाजत होता, कोणीतरी ऊस घ्या ऊस घ्या म्हणून ओरडत होतं. मी वहिनीला हाक मारली. ती हातातला चिमटा तसाच घेऊन आली, त्याच्याकडे बघितलं आणि चिमटा वाळूत टाकला. रोडगे निखाऱ्यात तसेच ठेवून आम्ही निघालो.

गाडीत मला आई दिसत होती. तिचेही डोळे असेच झाले होते. दादा खिडकीबाहेर कपाशीची रानं बघत होता. तिवसा ओलांडल्यावर एकदाच म्हणाला, "मायसारखंच ना?"

"गप्प बस," मी म्हटलं.

दवाखान्यात त्याला लगेच भरती केलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की तीन शक्यता आहेत. विषाणू उसळला असेल, गाठ वाढली असेल, किंवा औषधाने जाग्या झालेल्या पेशी त्याच्याच यकृतावर तुटून पडल्या असतील. तपासण्या होईपर्यंत मी आणि वहिनी पायऱ्यांवर बसून होतो. कोणती शक्यता मागावी हेच मला कळेना. वहिनी म्हणाली, "मी तं म्हणतो औषधाचंच असू दे. औषध बंद करता येते." वऱ्हाडात आमच्या बाया अशाच बोलतात, मी म्हणतो, मी जातो. तिचा आवाज पुरुषासारखा घोगरा झाला होता.

ते औषधाचंच निघालं. विषाणू दबलेला होता. आणि गाठ आधीपेक्षा लहान झाली होती. डॉक्टर ते सांगताना अडखळल्या. गाठीला गुण आला होता आणि त्याच गुणाने यकृत जळत होतं. आता जाग्या केलेल्या पेशींना पुन्हा शांत करणं भाग होतं. स्टेरॉइड सुरू केलं, मोठ्या मात्रेत. रोज सकाळी रक्त घेऊन जायचे आणि दुपारपर्यंत रिपोर्ट यायचा. पहिले काही दिवस काविळीचे आकडे उतरलेच नाहीत. कावीळ डोळ्यांतून कातडीवर आली, नखांत आली. मी त्याचे पाय चेपताना चादरीला पिवळेपणा लागतो की काय असं वाटायचं.

स्टेरॉइडने त्याचा चेहरा सुजला, झोप उडाली आणि जीभ सुटली. माझा भाऊ मोजकं बोलणारा माणूस. आता तो सतत बोलत होता, नर्सशी भांडत होता, वहिनीवर संशय घेत होता की ही मला खरं सांगत नाही. एका दुपारी वहिनी जेवायला गेली होती. त्याने माझं मनगट धरलं.

"बाई, मले भेव वाटून राहिलं."

त्याच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. लहानपणी विहिरीत साप निघाला तेव्हाही नाही.

"मलेही वाटते, दादा," मी म्हटलं. अकोल्याला राहून मी आपली बोली विसरले असं तो नेहमी म्हणायचा. तेव्हा ती आपोआप आली.

"तुले तुह्यं वाटते का माह्यं?"

मी खोटं बोलले नाही. "दोनीचं."

त्याने मान हलवली आणि मनगट सोडलं नाही. वहिनी परत येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

मग एका दुपारी आकडा थोडा खाली आला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. डॉक्टरांनी आनंद दाखवला नाही, पण त्या दिवशी त्या खुर्ची ओढून बसल्या, एरवी उभ्यानेच बोलायच्या. कावीळ उतरायला बरेच दिवस लागले. ते औषध पुन्हा देता येणार नाही, निदान आत्ता तरी नाही, असं त्यांनी सांगितलं. गाठ गेलेली नाही. लहान होऊन थांबली आहे. किती दिवस थांबेल ते त्यांना माहीत नाही. आत ज्या पेशी जाग्या झाल्या होत्या, त्यांतल्या काही अजून काम करत असतील का, असं मी विचारलं. "असतील," त्या म्हणाल्या. "कधीकधी औषध थांबल्यावरही चालू राहतं. पण तुम्हाला वचन देता येत नाही."

दादा घरी आला. आंबिया बहाराची संत्री तोडायची वेळ निघून चालली होती. तोडणीला माणसं लावली, तो सावलीत खाट टाकून बसायचा आणि ढिगातलं फळ हातात घेऊन बघायचा. गावातलं ते बोलणं आपोआप थांबलं, किंवा आमच्या कानावर यायचं थांबलं. दर तीन महिन्यांनी त्याचा स्कॅन होतो. त्याच्या आधीचा आठवडा वहिनी कोणाशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात माझी सोनोग्राफी होती. दादा न सांगता अकोल्याला आला. मी नको म्हटलं तरी सोबत आला आणि सेंटरच्या बाकावर जाऊन बसला. आत मी टेबलावर पडले. पोटावर गार जेल पडलं, डॉक्टर यंत्र फिरवायला लागले. बरगडीखाली एका जागी हात थांबला. पुढे गेला, परत त्याच जागी आला. पडद्यावर मला राखाडी ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी पडद्याजवळ तोंड नेलं.  मी छताकडे बघत होते, तिथे पंख्याच्या वरच्या कपात एका माशीने ठाण मांडलं होतं.

"श्वास रोखा," ते म्हणाले. मी आधीच रोखलेला होता. "आता सोडा."

ते म्हणाले की आतड्यातला वायू मध्ये येत होता म्हणून नीट दिसत नव्हतं. बाकी काही नाही. सहा महिन्यांनी या.

मी साडी सारखी करून बाहेर आले. दादा मला बघताच उठून उभा राहिला. बाकाच्या पाठीला धरून तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काही नाही निघालं," मी म्हटलं.

तो हळूच परत खाली बसला, आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाला, "बस थोडी. मंग जाऊ." मी बसले. आमच्यासमोर पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पर्स नवऱ्याकडे दिली आणि आत गेली.